पाय मोजणारे मामा

मामांना कुठलीही बातमी सांगा, ते आधी एकच प्रश्न विचारायचे. "पाय मोजले का?"

शेतावर नवीन साहेब येणार आहेत, फार हुशार आहेत म्हणे. "पाय मोजले का?" आमच्या ड्रायव्हरने बहिणीसाठी स्थळ पाहिलं. मुलगा पुण्याला नोकरीत, स्वतःचा फ्लॅट, घरात एकुलता एक. मामांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फ्लॅट ऱ्हाऊ द्या. पाय मोजले का?" ड्रायव्हर भडकला, आम्ही पोट धरून हसलो. त्या स्थळाचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. पण ड्रायव्हर स्वतः पुण्याला जाऊन चौकशी करून आला एवढं खरं, कारण त्यासाठी त्याने माझ्याकडूनच दोन दिवसांची रजा मागून घेतली होती.

ते माझे नात्याने कोणी नव्हते. सगळं शेत त्यांना मामा म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो. एका बियाणं कंपनीत आम्ही बरोबर होतो. ऑफिस जुन्या जालन्यात, स्टेशनच्या अंगाला, आणि प्रयोगाचं शेत अंबड रस्त्यावर. मी शेतकीची पदवी घेऊन नुकताच लागलेला, एक वर्षाच्या प्रोबेशनवर, शर्ट पँटीत खोचून चिखलात उतरणारा. मामा सातवी पास, पन्नाशी ओलांडलेले, आष्टीकडच्या एका गावचे. आठवडाभर शेतावरच्या खोलीत राहायचे, शनिवारी परतूरची गाडी पकडून घरी जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत हजर. सोमवारी त्यांना काम असायचं, आणि ते काम म्हणजे कपाशीवरचे किडे मोजणं.

पगार देऊन माणसाला किडे मोजायला कोण लावतं, असं माझ्या आईनेही मला विचारलं होतं. पण शेतावरचा सगळा कारभार त्या मोजणीवर चालायचा. दर सोमवारी प्रत्येक प्लॉटमधली वीस झाडं घ्यायची, प्रत्येक झाडाची वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं बघायची. मावा किती, तुडतुडे किती, पांढरी माशी किती, हे नुकसान करणारे. ढालकिडा किती, कोळी किती, हे त्यांना खाणारे, म्हणजे आपले. मुंग्यांचा एक वेगळा खाना. खाणारे भरपूर दिसले की फवारणी थांबवायची, नाही दिसले की पंप काढायचे. म्हणजे सोमवारच्या त्या कागदावर अख्ख्या प्लॉटचं नशीब ठरायचं.

आणि मामांची मोजणी बघण्यासारखी असायची. दिसायला लागलं की ते सुरू करायचे आणि नऊच्या आत आटपायचे. तोंड कायम सूर्याकडे. डोळे किलकिले होतील, पाणी येईल, पण स्वतःची सावली झाडावर पडू द्यायची नाही. सावली पडली की किडा पानामागे पळतो, एवढं कारण त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सदऱ्याच्या उजव्या खिशात मूठभर चिंचोके. एक कोळी दिसला की एक चिंचोका डाव्या खिशात. झाड संपलं की खिसा चाचपून आकडा लिहायचा. पेन्सिल टोपीच्या घडीत. आणि प्रत्येक पानाला, वाचून झाल्यावर, देठाजवळ एक टिचकी. टिचकी मारायचे, क्षणभर थांबायचे, पानाखाली वाकून बघायचे, मग पुढच्या झाडाकडे.

ती टिचकी त्यांच्या हाताला इतकी बसली होती की ते कशालाही टिचकी मारायचे. कागदावर सही करण्याआधी कागदाला. खोलीचं कुलूप उघडण्याआधी कुलपाला. कोणी उधार आणलेली मोटारसायकल कौतुकाने दाखवली की तिच्या टाकीला. मला ती एक लकब वाटायची, जशी काही माणसं बोलताना कानाची पाळी ओढतात तशी. मी ऑफिसात त्यांची नक्कलही करून दाखवायचो. चांगली करायचो, लोकांना आवडायची.

त्यांच्या खोलीतली जाळी त्यांनी कधी झाडली नाहीत. एकदा मोठे साहेब शेताच्या पाहणीला आले, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वरचे, ज्यांच्या सहीने माणूस कायम व्हायचा ते. त्यांनी खोलीत डोकावून विचारलं, "मामा, ही कोळिष्टकं काय आहेत?" मामा म्हणाले, "ते कामावर हायत, साहेब." साहेबांना कळेना हसावं की रागवावं. ते तसेच पुढे गेले आणि नंतर मला म्हणाले, या माणसाकडे जरा लक्ष ठेवा.

दरवर्षी पोळ्याच्या सुमाराला शेतावर एक बहुरूपी यायचा. मी लागलो त्या वर्षी तो फौजदार होऊन आला. खाकी वर्दी, छातीला पट्टा, हातात दंडुका, डोळ्यावर काळा चष्मा. मी टेबलामागे बसलो होतो. त्याने दारात उभं राहून दरडावलं, "इथला प्रमुख कोण? वॉरंट आहे." मी चक्क उठून उभा राहिलो आणि खुर्ची त्याला दिली. मागून मामा आले, त्याच्या पायांकडे बघून म्हणाले, "या फौजदार, जेवून आल्ते का जेवायचं हाय?" फौजदाराच्या पायात टायरची चप्पल होती. तो खळाळून हसला आणि त्याने मामांना कडक सलाम ठोकला. मी कानाच्या पाळीपर्यंत लाल झालो. संध्याकाळी मामा मला एवढंच म्हणाले, "साहेब, सोंग घेणारा वरून समदं बराबर करतो. पायांपाशी चुकतो."

मला वाटलं, ते मला चिडवत आहेत. म्हणून मी त्यातलं काहीच घेतलं नाही.

आता ते पायांचं प्रकरण सांगतो. कपाशीवर मुंग्या फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्या मुंग्यांमध्ये काही मुंग्या नसतात. ते कोळी असतात, उडी मारून शिकार करणारे, पसरट जाळं न विणणारे. त्यांची कंबर मुंगीसारखी बारीक, डोकं आणि धड वेगळं वाटावं म्हणून मानेला खाच. मुंगीला सहा पाय आणि दोन मिशा. कोळ्याला आठ पाय आणि मिशा नाहीतच. तर हा पठ्ठ्या पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे हलवत राहतो आणि उरलेल्या सहा पायांवर मुंगीच्या वळणावळणाच्या चालीने चालतो. त्यातल्या नराचे जबडे तर इतके लांब की मुंगी तोंडात काहीतरी धरून निघाली आहे असं वाटावं. मुंगी चावते, तोंडाला आंबट लागते, म्हणून पाखरं आणि गांधीलमाशा तिच्या नादी लागत नाहीत. तेवढ्यासाठी हे सगळं सोंग. मामा त्याला बहुरूपीच म्हणायचे.

ओळखायचं कसं? पानाला टिचकी मारायची. मुंगी पळते किंवा सरळ खाली पडते. बहुरूपी पडताना शेपटाकडून धागा सोडतो आणि हवेत लटकतो. मग पाय मोजायचे.

हे सगळं मला मामांनी सांगितलं नाही. फार नंतर वेचणीला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं. शेतावरच्या सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं. मामा त्यांना दुपारच्या सुट्टीत दाखवायचे. त्या बाईने मामांचं एक वाक्यही मला सांगितलं. बहुरूपी मुंग्यांच्या रांगेशेजारीच राहतो, पण खरी मुंगी समोर आली की झटकन बाजूला होतो, ते दाखवून मामा म्हणाले होते, "ज्येचं सोंग घेतलं, त्येलाच सगळ्यात जास्त भिऊन ऱ्हायलाय बघा." शेतावर ज्यांना हे ठाऊक नव्हतं ते फक्त आम्ही, पदव्या घेतलेले.

पण मला ठाऊक नव्हतं असं म्हणून मी सुटू शकत नाही. मला सांगितलं गेलं होतं. सोमवारच्या एका मीटिंगमध्ये मामांनी हात वर केला. ते मीटिंगमध्ये कधी बोलत नसत, दाराजवळच्या बाकावर बसून असत. त्या दिवशी उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, फॉर्मात एक खाना वाढवा. मुंग्या म्हून लिवतात त्या समद्या मुंग्या न्हाईत. काही कोळी हायत, सोंग घेतलेले."

मोठे साहेब म्हणाले, "मग मामा, काही साहेब पण साहेब नसतील."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो, प्रोबेशनवरच्या माणसाला साहेबांच्या विनोदावर जेवढं हसावं लागतं तेवढं. हसू ओसरेपर्यंत मामा उभे राहिले आणि म्हणाले, "नसतीलबी." मग बसले. नंतर त्यांनी तो विषय त्या खोलीत पुन्हा काढला नाही.

श्रावण सरता सरता मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर दोन महिन्यांचे फॉर्म पसरलेले होते. मोजणी करणारी चार माणसं होती. तिघांच्या प्लॉटमध्ये कोळी दोन-तीन आणि मुंग्या भरपूर. मामांच्या प्लॉटमध्ये कोळी दुपटीहून जास्त, मुंग्या मोजक्या. साहेब म्हणाले, "हे खोलीत बसून भरलेले आकडे आहेत. त्यांच्या प्लॉटवर फवारणी होत नाही, त्याचं कारण हे. तू जा, तीच झाडं मोज आणि मला लिहून दे."

मी गेलो. अकराच्या पुढे गेलो, कारण सकाळी ऑफिसात बायोमेट्रिकला अंगठा लावायचा होता. ऊन पाठीवर घेतलं, म्हणजे सावली नेमकी झाडावर. मुंग्या दिसल्या त्या मुंग्या म्हणून लिहिल्या. जाळ्यातले दोन-चार कोळी दिसले ते कोळी म्हणून लिहिले. दहाव्या-अकराव्या झाडापाशी मामा मागून आले. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं, पण मी त्यांच्या प्लॉटमध्ये फॉर्म घेऊन उभा आहे म्हणजे काय ते त्यांना कळलं असणार. ते जरा वेळ बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, पानाला एक टिचकी मारून बघा."

मी म्हणालो, "मामा, मला शिकवू नका."

आयुष्यात मी लोकांना यापेक्षा वाईट बोललो असेन. पण हे चार शब्द मी अजून ऐकतो. ते वळले आणि गेले. जाताना त्यांनी खिशातले चिंचोके चाचपले, सवयीने.

मी शेऱ्याच्या रकान्यात एक वाक्य लिहिलं. "प्रत्यक्ष मोजणी न करता आकडे भरलेले दिसतात." व्याकरण शुद्ध, अक्षर चांगलं. ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळला नाही, आणि तो का अडखळला नाही याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. सातवी पास माणूस चार पदवीधरांना दिसत नाही ते बघतो, यापेक्षा तो खोटं लिहितो हे मला सोपं वाटलं. आणि आडनावावरून त्यांचं घर गावाच्या कोणत्या अंगाला असेल हे मला न विचारताच ठाऊक होतं. आमच्या घरात त्या अंगाच्या माणसाचा शब्द सहजासहजी खरा धरायची पद्धत नव्हती. मी स्वतःला त्यातला समजत नव्हतो. पण वाक्य मीच लिहिलं.

आठवड्याच्या आत मामांची मोजणी गेली. त्यांना फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. त्यांच्या प्लॉटवर फवारणी झाली. पगार तोच राहिला, त्यामुळे आम्ही सगळे म्हणालो की काही वाईट झालं नाही. पण त्यांच्या गावचा एक जण शेतावर रोजाने होता. मामांनी आकडे खोटे भरले म्हणून त्यांना काढून फाटकावर टाकलं, ही गोष्ट पुढच्या शनिवारी मामांच्या आधी त्यांच्या गावात पोचली. मामांची मुलगी तेव्हा बारावीला होती, सायन्सला. बाप कंपनीत शास्त्रज्ञांबरोबर काम करतो असं ती मैत्रिणींना सांगायची म्हणे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत शेतावर माणूस हवा म्हणून माझी पाळी लावली होती. मजूर नाहीत, ऑफिस बंद, करायला काही नाही. मी तीन नंबरच्या प्लॉटमधून उगाच फिरत होतो. हा प्लॉट फवारणीतून सुटलेला. एका बोंडावर एक काळी मुंगी दिसली. मी वाकलो, तशी ती थांबली, गर्रकन वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मुंगी माणसाकडे बघत नाही. तिच्या तोंडावर दोन मोठे चकचकीत डोळे होते, गाडीच्या दिव्यांसारखे, आणि ते माझ्यावर रोखलेले होते. मी पानाला टिचकी मारली. ती पडली आणि हवेत लटकली. बारीक धाग्यावर, झोका घेत. आणि वर चढताना तिच्या त्या दोन मिशांनी धागा धरला.

मी पाय मोजले. आठ होते.

मग मी वीस झाडं मोजली. वीसच, नियमाप्रमाणे. नऊ मुंग्या दिसल्या, त्यातल्या सहा लटकल्या. मी कपाशीत उभा राहिलो. मामांचा प्रत्येक सोमवारचा प्रत्येक चिंचोका खरा होता. मग मी घरी गेलो.

जानेवारीत माझं कायम होण्याचं पत्र यायचं होतं. मी ठरवलं, पत्र येऊ दे, मग साहेबांना सांगू. पत्र आलं. मी पेढे वाटले, फाटकावर मामांनाही दिला. त्यांनी विचारलं, "पक्के झाले का साहेब?" मी म्हणालो, "झालो." ते म्हणाले, "बरं झालं," आणि पेढा खाल्ला. मला वाटलं होतं ते पाय मोजण्याचं काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी मला तो प्रश्न कधीच विचारला नाही.

मग ठरवलं, खरीप होऊ दे. मग ठरवलं, मोठे साहेब बदलून जाऊ देत, नव्या माणसाला सांगणं सोपं जाईल. नवे आले, ते जुन्यांपेक्षा कडक निघाले. पुढे मामा निवृत्त झाले. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भाषणं. भाषण मीच केलं, कारण माझं मराठी बरं आहे. मी मामांच्या निष्ठेबद्दल बोललो, साधेपणाबद्दल बोललो, आणि सगळ्यांसमोर त्यांना प्रामाणिक म्हणालो. टाळ्या पडल्या. मामा खाली बघत बसले होते. त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, "काही न्हाई. समदे चांगले ऱ्हा," आणि शाल घडी करून पिशवीत ठेवली. त्यांच्या कागदांमध्ये माझं ते वाक्य तसंच होतं. मला ते काढून घेता आलं असतं, म्हणजे त्याखाली दुसरं वाक्य लिहिता आलं असतं. मी भाषण केलं.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. आता मोजणी मोबाइलवर होते. पानाचा फोटो काढायचा, ॲप किड्याचं नाव सांगतं आणि आकडा आपोआप भरतो. गेल्या हंगामात नवीन लागलेली एक मुलगी माझ्याकडे मोबाइल घेऊन आली. पडद्यावर लिहिलं होतं, मुंगी. ती म्हणाली, "सर, ॲप मुंगी म्हणून राह्यलं. पण मुंगी अशी धाग्याला लटकते का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ॲपचं बरोबर आहे, पुढे चला. ते उत्तर आलंच होतं, जिभेवर होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. मी तिला म्हणालो, "पाय मोज." तिने मोजले आणि म्हणाली, "आठ हायत." मी तिला ॲपच्या कंपनीला पत्र लिहायला सांगितलं आणि खाली तिचं नाव घालायला लावलं. तेवढं मला जमलं.

पुढच्या रविवारी मी आष्टीकडच्या त्या गावी गेलो. मामांचं घर विचारत विचारत सापडलं. दोन खोल्यांचं, पत्र्याचं, पुढे लिंबाचं झाड, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. मामा लिंबाखाली खाटेवर बसले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. मी नाव सांगितल्यावर म्हणाले, "साहेब व्हय. या, बसा." जणू मी मागच्या आठवड्यात येऊन गेलो होतो. त्यांची मुलगी सुट्टीची घरी आलेली होती. ती आता परतूरला शाळेत विज्ञान शिकवते. नमस्कार करून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी पाठ करून गेलो होतो तसं बोललो. मोजणी तुमची बरोबर होती, मामा. मी चुकलो. मुंग्या म्हणून लिहिले ते कोळी होते. तुम्ही टिचकी मारायला सांगितलं आणि मी मारली नाही. तुमच्या नावावर खोटेपणाचा शेरा माझ्यामुळे बसला. मी कंपनीला तसं लेखी देणार आहे. बोलताना मी स्वतःलाच ऐकत होतो आणि खरं सांगतो, ते ऐकताना मला जरा बरंही वाटलं.

मुलगी बोलली. "लेखी दिलं तर चांगलंच हाय, सर. गावात अजून लोक म्हणतात. माझ्या लग्नात बी एकानं म्हणून दाखवलं." ती रागावलेली नव्हती, शाळेत विचारतात तसं तिने विचारलं. "पण तुम्हाला हे कधी कळलं?"

माझ्याकडे हे पाठ केलेलं नव्हतं. मी म्हणालो, "आत्ताच. गेल्या आठवड्यात. एका मुलीने दाखवलं."

"न्हाई," मामा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. ऑपरेशन झालेला डोळा उन्हाने मिटला होता. "त्याच दिवाळीला कळलं साहेबांना. दिवाळीलाबी मी फाटकावरच व्हतो, तिथून तीन नंबर दिसायचा ना. साहेबांनी टिचकी मारली, ते मी बघून राह्यलो व्हतो. मंग समदी वीस झाडं मोजली. मंग लई वेळ उभे ऱ्हायले."

मुलगी बापाकडे बघत होती, मग माझ्याकडे बघू लागली.

मघाशी तो दिवस लिहिताना मी लिहिलं की मग मी घरी गेलो. कसा गेलो ते लिहिलं नाही. माझी मोटारसायकल पुढच्या फाटकाशी, मामांच्या खोलीलगत उभी होती. मी ती तिथेच सोडली, गोदामामागच्या तारेच्या कुंपणातून वाकून बाहेर पडलो आणि रस्त्यावर ऑटो धरली. गाडी दुसऱ्या दिवशी एका मजुराकडून मागवून घेतली.

"मला वाटलं, आता गाडी घ्यायला इकडंच येतील आन सांगतील," मामा मुलीला म्हणाले, एखादी साधी हकीकत सांगावी तसं. "टपरी बंद व्हती दिवाळीची. म्हून मी टपरीवाल्याच्या घरी जाऊन दोन कप चहा करून आणला. गाडीवर ठेवले दोन्ही, सीटवर. अंधार पडस्तोर बसलो. मंग दोन्ही मीच पेलो. निवून गेल्ते, पण टाकायचे कामून."